डोक्यावर उलटा ग्लास

शाहूपुरीतल्या शाळेत मी मराठी शिकवत होते आणि शेजारच्या वर्गात विज्ञानाचे एक सर. मधली भिंत पातळ, आणि सरांचा आवाज गारगोटीच्या बाजारात तयार झालेला. "काय हुईल? बोला की!" असं विचारल्याशिवाय त्यांचा एकही प्रयोग सुरू होत नसे.

शाळा तपासणीच्या दिवशी मी मुद्दाम त्यांच्या दारात उभी राहिले. मागच्या बाकावर तपासणीचे साहेब, शेजारी मुख्याध्यापक. सरांनी भरल्या ग्लासावर पुठ्ठा दाबला, ग्लास आपल्याच डोक्यावर उलटा धरला आणि विचारलं, "हात काढला तर पाणी पडंल?"

"न्हाय!" वर्ग ओरडला. एक मुलगी तेवढी हळूच म्हणाली, "पडंल."

सरांनी हात काढला आणि पाणी भसकन डोक्यावर आलं. मुख्याध्यापकांचा चेहरा पडला. पोरं हसायचंही विसरली.

सर मात्र खूश. "तू एकटी बरोबर! का पडलं, सांग की."

"सर, पुठ्ठा कालच्या प्रयोगातलाच हाय. भिजून मऊ पडलाय. वाकला आन् हवा आत शिरली."

"व्हय की!" मिशीवरचं पाणी पुसत सरांनी नवा पुठ्ठा घेतला. "आता कुणाच्या डोक्यावर करू?"

कुणी हलेना. मग साहेबच चष्मा काढत उठले, पुढं आले आणि सरांसमोर मान झुकवून उभे राहिले.