खाडी पार करणारा बाबा

जयवंतचं चुकलं काय म्हणाल, तर त्याने पोरीला गोष्टी सांगितल्या. बस्स, एवढंच.

गडी गिरणीत टाइमकीपर होता. ब्याऐंशीच्या संपात गिरणी बंद पडली ती पडलीच, आणि हा बायको-मुलीसकट मुलुंडला सासऱ्यांच्या ब्लॉकमध्ये राहायला आला. घरजावई! सासरे नाना बँकेतून साहेब म्हणून निवृत्त झालेले. "जावईबापू, जरा गिरणीत जाऊन या," असं म्हणून दळणाचा डबा त्याच्या हातात द्यायचे आणि स्वतःच खो खो हसायचे. मेव्हणा नंदकुमार तर त्याच्यासमोर त्याच्याबद्दल असा बोलायचा, की जणू हा तिथे नाहीच.

त्या घरात त्याचं स्वतःचं असं एकच होतं. दिवेलागणीनंतर सहा वर्षांची माणिक मांडीवर येऊन बसायची आणि तो सांगायचा, "तर काय झालं बाय, खाडीला आलं उधाण! नि तुझ्या बापाने एकट्याने होडी घातली..." पोरगी डोळे मोठे करून बघत राहायची. जगात कुणीही त्याच्याकडे तसं बघत नव्हतं. खरं सांगायचं तर जयवंतचं गाव कोकणातलं, पण पार डोंगराच्या पायथ्याशी. तिथे पाणी म्हणजे व्हाळ, गुडघाभर खोल ओढा. होडी त्याने बोटीच्या धक्क्यावर पाहिली असेल, तीही लांबून.

शहाऐंशीच्या दिवाळीच्या सुट्टीत नंदकुमारने सगळ्या घराची ट्रिप काढली. कारवारच्या पलीकडे, ऊन खाली पोचत नाही अशा रानात, नदीकाठी तंबू. कुठल्याशा हौशी क्लबाने परदेशातून रबरी तराफे आणि एकट्याने वल्हवायच्या निमुळत्या कयाक मागवल्या होत्या. जाण्याआधी नंदकुमारने बहिणीला, म्हणजे जयवंतच्या बायकोला, हळूच विचारलं होतं. शुभा हसून म्हणाली होती, "यांना कसली रे होडी येते! विहिरीत डोकावले तरी गरगरतं." आपल्याच नवऱ्याला असं उघडं पाडलं हो तिने.

पहिल्याच सकाळी, पायाला चिकटलेल्या जळवा मीठ लावून काढताना नंदकुमार मोठ्याने म्हणाला, "जयवंतराव, कोकणातले ना तुम्ही? पहिली कयाक तुमची!"

"अंगात जरा कणकण आहे," जयवंत म्हणाला.

"बसा हो, दादा एवढं म्हणतोय तर," शुभा म्हणाली.

तिकडे माणिक इतर तंबूंतल्या मुलांना गोळा करून आणत होती. "माझ्या बाबाने खाडी पार केलीय! बघाच तुम्ही." आता नाही कसं म्हणणार? फुगीर जाकीट घालून जयवंत बसला. वल्हं मारलं तशी कयाक जागच्या जागी गोल फिरली. दुसरं मारलं, उलटी फिरली. तिसऱ्याला ती कलंडली.

मग जे झालं ते सगळ्या काठाने ऐकलं. "मेलंय गे आये! मेलंय! वाचवा!"

"अरे उभा राहा!" नाना काठावरून ओरडले. "उभा राहा, मूर्खा!"

जयवंत उभा राहिला. पाणी त्याच्या कमरेला लागत होतं.

नंदकुमार हसता हसता खालीच बसला. मुलं किंचाळत होती. माणिक आधी हसली नाही. बाबाकडे बघितलं, मुलांकडे बघितलं, आणि मग सगळ्यांपेक्षा मोठ्याने हसली. दुसऱ्या दिवशी तराफ्यावरून खळाळातून जाताना ती मामाला चिकटून बसली. जयवंतला काठावर सगळ्यांच्या चपला सांभाळायला ठेवलं होतं.

मुलुंडला परतल्यावर त्याने संध्याकाळी पुन्हा गोष्ट काढली. "तर काय झालं बाय, खाडीला..."

"खोटं!" ती म्हणाली आणि मामाच्या खोलीत निघून गेली. पुन्हा काही ती मांडीवर बसली नाही. मात्र पाहुणे आले की नाना हाक मारायचे, "माणिक, बाबा कसा बुडला गं?" आणि पोरगी दिवाणावरून उडी टाकून हातपाय झाडत हुबेहूब ओरडायची. दरवेळी लोक पोट धरून हसायचे.

एका रविवारी नंदकुमारच्या ऑफिसातली मंडळी आली होती. माणिकने नक्कल सुरू केली आणि मध्येच थांबली. चहाचा ट्रे घेऊन जयवंत आत येत होता.

"बाबा, तूच करून दाखव ना!"

"करा की, पोर एवढं म्हणतेय तर," शुभा म्हणाली.

जयवंतने माणिककडे बघितलं. किती दिवसांनी ती त्याच्याकडे बघत होती! डोळे मोठे करून, अगदी गोष्ट ऐकताना बघायची तशी. त्याने ट्रे टीपॉयवर ठेवला आणि तो फरशीवर आडवा झाला.

"मोठ्याने ओरड हां बाबा," माणिक म्हणाली.