चौकटीवरच्या निळ्या रेघा

भाऊकाका माझ्याशी शेवटचं बोलला ते सुताराबद्दल. "सांगितलंस का गो त्याला?" एवढंच. मी साइटवर होते, स्लॅबचं काम चालू होतं, डोकं तापलेलं. "सांगते रे काका, चौकट काय पळून जातेय?" म्हणाले आणि फोन ठेवला. दोन दिवसांनी भरदुपारी काकूचा फोन. जेवून खुर्चीत बसला, ताक मागितलं, ती ताक घेऊन येईपर्यंत संपलं होतं सगळं… सुताराला मी तेव्हाही सांगितलेलं नव्हतं.

मुलुंडच्या त्या बिल्डिंगमध्ये आम्ही पहिल्या मजल्यावर, काका-काकू दुसऱ्या. आई-बाबा दोघं नोकरीला, त्यामुळे शाळा सुटली की मी काकूच्या स्वयंपाकघरात. काका ड्राफ्ट्समन. जन्मभर दुसऱ्यांच्या इमारतींचे नकाशे काढले, पण खरं वेड जमिनीचं. पृथ्वीचं कवच अखंड नाही, त्याचे मोठेमोठे तुकडे आहेत आणि ते सरकतात, हे तो दूधवाल्यालाही सांगायचा. दूधवाला बिचारा पिशवी हातात धरून ऐकायचा. माझ्या प्रत्येक वाढदिवसाला काका मला स्वयंपाकघराच्या चौकटीला पाठ लावून उभी करी आणि डोक्यावर लाल पेन्सिलीने रेघ मारी. मग खाली बसून, जमिनीपासून मोजून, दुसरी रेघ निळी. ती भारताची. मी जन्मले तेव्हापासून आपला देश जेवढा पुढे सरकला, तेवढी. वर्षाला साधारण पाच सेंटीमीटर.

सहाव्या वाढदिवसाला निळी रेघ माझ्या गुडघ्याशी होती. "हा तर गिड्डाय," मी म्हटलं.

"हळू चलता, पण थांबणा नाय," काका म्हणाला. मूळचा मालवणकडचा, खूश झाला की जीभ गावाला जायची.

रेघ मारून झाली की तो ब्लेडने निळ्या पेन्सिलीला टोक काढायचा आणि चौकटीवरच्या व्हेंटिलेटरच्या कडेवर ठेवून द्यायचा. पुढच्या वर्षासाठी. पेन्सिल बोथट ठेवून जाणं त्याला खपायचं नाही.

रविवारी तो मला योगी हिलकडे न्यायचा आणि काळ्या दगडावर हात ठेवायला लावायचा. हा दगड कधीकाळी तापलेला, पातळ लाव्हा होता, म्हणायचा, काकू आंबोळीचं पीठ पसरते तसा पसरला, थरावर थर. तोवर भारत आफ्रिकेपासून केव्हाच सुटून भर समुद्रात होता, उत्तरेकडे निघालेला. पुढे आशियाला जाऊन धडकला, हिमालय वर आला, आणि अजून ढकलतोच आहे. मला हे सगळं नातेवाइकाची हकीकत ऐकावी तसं वाटायचं.

नऊ वर्षांची असताना टीव्हीवर भूकंप पाहिला आणि माझी तंतरली. दप्तरात बिस्किटं भरून जिन्यात जाऊन बसले. सगळे म्हणत होते, आपल्याकडे नाही होत असं काही. काका शेजारी येऊन बसला, माझंच एक बिस्किट खाल्लं, आणि खोटं बोलला नाही. "जमीन हलतली गो. ती हलली नसती तर हिमालय नसता, गंगा नसती. माणसं मरतात ती बहुतेक पडलेल्या घरांखाली. घरं नीट बांधायची." मी स्ट्रक्चरल इंजिनिअर झाले ती त्या जिन्यात.

सोळाव्या वर्षी माझी लाल रेघ एकशेसाठवर अडली ती अडलीच. मी हिरमुसले. त्याने पेपरच्या कडेला हिशेब मांडला. "तू थांबलंस, तो येतोय मागून. बत्तीसाव्या वाढदिवसाला गाठतलो तुका. मी तेव्हा अठ्ठ्याहत्तरचा. बघूया कोण कोण असतं." पुढे कुठल्याशा पुस्तकात त्याला वेग थोडा वेगळा सापडला. आठवडाभर बेचैन. शेवटी निळ्या रेघांच्या बाजूला बारीक अक्षरात 'अंदाजे' लिहिलं, तेव्हा कुठे जेवण गोड लागलं.

गेल्या वर्षी आमची बिल्डिंग मीच तपासली. कॉलम फुगलेले, सळ्या गंजलेल्या. सोसायटीच्या मीटिंगमध्ये मी स्पष्ट सांगितलं, दुरुस्तीने भागणार नाही, पाडावी लागेल. केवढा गदारोळ! आपलीच पोर बिल्डरची बाजू घेते म्हणाले. पहिला हात काकाचा वर गेला. जिना चढताना म्हणाला, "बरोबर बोललंस. माका फक्त ती चौकट काढून दे. बत्तीसावी रेघ मी मारणार." मी हो म्हटलं आणि विसरले. विसरले म्हणजे काय, उद्या-परवा करत राहिले. दुसऱ्यांच्या घरांचे सगळे फोन वेळेवर, आणि काकाचा एक सुतार जमला नाही. अजून स्वतःचा राग येतो.

तो गेल्यावर तीन आठवड्यांनी माझा वाढदिवस आला. त्याच आठवड्यात घर खाली करायचं होतं. सुताराला घेऊन मी गेले. भांडी, कपाटं गेलेली, भिंतींवर नुसते खिळे. काकू म्हणाली, "आधी रेघ मार. मग हात लावू दे त्याला."

"पेन्सिल कुठेय?"

"जिथे असते तिथे."

टाचा उंचावून मी व्हेंटिलेटरच्या कडेवर हात फिरवला. धुळीत पेन्सिल होती. निळी. टोक काढलेलं, सुईसारखं. गेल्या वर्षी त्याने माझ्यासाठी काढून ठेवलेलं… मी तिथेच रडले. सुतार पाणी प्यायला म्हणून बाहेर गेला.

मग काकूने टेप धरली. जमिनीपासून एकशेसाठ. मी निळी रेघ लाल रेघेवरच ओढली आणि बाजूला 'अंदाजे' लिहिलं. काकू चौकटीला पाठ लावून उभी राहिली, "माझी उंची बघ गो जरा." एकशे चाळीसच्या जरा वर. "म्हणजे मला कधीच मागे टाकलंन. आणि हे मेले एका शब्दाने बोलले नाहीत," ती म्हणाली, आणि इतक्या दिवसांनी हसली.

चौकट आता काकूच्या भाड्याच्या घरात भिंतीला टेकवून उभी आहे. तिच्यातून कुठे जाता येत नाही. नवीन इमारत उभी राहिली की स्वयंपाकघराला हीच बसवायची, हे मी प्लॅनवर लिहूनच ठेवलंय, कॉलमच्या मापांसकट. त्या दिवशी टेम्पो भरून झाल्यावर मी काकूकडे ब्लेड मागितलं, पेन्सिलीला टोक काढलं, आणि इथे आल्यावर चौकटीच्या वरच्या लाकडावर ठेवून दिली. पुढच्या वर्षी रेघ माझ्या डोक्याच्या वर जाईल.