धोंडूदादाने खाल्लेलं इंजिन

"या मेल्याने माझं इंजिन खाल्लं," अण्णा ओरडत होते. भात भरडायला आलेली माणसं गिरणीच्या दारात उभी होती आणि त्या सगळ्यांसमोर धोंडूदादा मान खाली घालून ऐकत होता. अण्णा गिरणीचे मालक, धोंडूदादा त्यांचा म्हातारा इंजिन ड्रायव्हर. मी मुंबईच्या गोदीतली फिटरची नोकरी सोडून नुकताच रत्नागिरीला परतलो होतो, म्हणून मला बोलावणं आलं. सन पस्तीस-छत्तीसचा सुमार.

अण्णांचं म्हणणं, धोंडूने तेल बदललं नाही, इंजिन झिजवलं, आता घरी बसावं. वर हेही सुनावलं की रत्नागिरीत दुसऱ्या कुठल्या गिरणीत त्याला उभं करणार नाहीत, ते मी बघतो. त्या वयात माणसाने जायचं कुठे? माझं डोकं तिथेच सटकलं.

"आधी उघडून तर बघू," मी म्हटलं. "मग कोणाला घालवायचं ते ठरवा."

"उघड. याचाच हात निघेल."

"आणि दुसऱ्याचा निघाला तर?"

"तर याला मानाने परत घेईन. ह्या सगळ्यांसमोर सांगतो."

खरं म्हणजे डिझेल इंजिन मी तोवर कधी उघडलं नव्हतं. गोदीत सगळा वाफेचा कारभार. वाफेच्या इंजिनाची आग बाहेर, बॉयलरखाली असते. डिझेलची आग सिलिंडरच्या आत. पिस्टन हवा इतकी दाबतो की ती तापते, तिच्यात डिझेलचा फवारा गेला की भडका होतो. हा दाब पिस्टनभोवतीच्या लोखंडी रिंगा धरून ठेवतात. त्या झिजल्या की दाब निसटतो, खालचं वंगण वर चढून जळतं आणि निळा धूर येतो. अण्णांच्या इंजिनाचा धूर खाडीपलीकडून दिसायचा.

सिलिंडरवरचं झाकण, म्हणजे हेड, काढलं, पिस्टन ओढून बाहेर घेतला. रिंगा पार पातळ झाल्या होत्या. लायनर म्हणजे सिलिंडरच्या आतलं नळकांडं, ते वरपासून खालपर्यंत बारीक ओरखड्यांनी भरलं होतं. मग मी बेअरिंगं पाहिली. तेलाची हयगय झाली असती तर ती आधी गेली असती. ती नव्यासारखी होती. म्हणजे तेल वेळेवर बदललं जात होतं. काहीतरी खरखरीत वरून, हवेच्या पाइपातून आत जात होतं.

मला भाताच्या तुसाचा संशय आला. पण पाइपाच्या तोंडावर धोंडूदादाने मांजरपाटाच्या जाड कापडाची दुहेरी घडी बांधलेली होती, आणि ती शाबूत होती. मी अण्णांना म्हटलं, "तेलाचा दोष नाही." ते म्हणाले, "तू त्याचीच बाजू घेणार."

लायनर आणि रिंगा मुंबईहून आगबोटीने आल्या. रिंगेच्या दोन टोकांमध्ये बारीक फट ठेवावी लागते, कारण तापल्यावर रिंग फुलते. फट घासताना एक रिंग माझ्या हातात मोडली.

"गोदीत हेच शिकलास?" अण्णा शेजारी उभेच होते. मी दुसरी रिंग घासायला घेतली.

चालू करायच्या दिवशी सकाळी गर्दी झाली. हॅंडल मारायला मी मुद्दाम धोंडूदादाला घेऊन गेलो. एवढ्यात अण्णा सोवळ्याने आले, हातात देवाच्या अंगाऱ्याची वाटी. मला वाटलं, इंजिनाला टिळा लावतील. त्यांनी पाइपावरचं कापड सोडलं, चांगली मोठी चिमूट घेतली आणि हात सरळ पाइपाच्या तोंडाशी नेला.

मी त्यांचं मनगट धरलं. सोवळं बाटलं ते बाटलं.

"सोड हात," अण्णा मनगट ओढत म्हणाले. "रोज घालतो मी. धूर सुरू झाला तेव्हापासून जास्तच घालतो."

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. "अण्णा, अंगारा म्हणजे राख. तुमच्या घरी भांडी कशाने घासतात?"

भाताचं गाठोडं घेऊन बसलेली एक बाई म्हणाली, "राखेनंच की."

मी धोंडूदादाकडे वळलो. "तुला ठाऊक होतं?"

"कापड मीच सोडून द्यायचो रोज."

"मग बोलला का नाहीस?"

"देवाचा अंगारा तो. तेला नको कसा म्हनू?"

मला त्याचाही भयंकर राग आला. पोटावर पाय आला, चारचौघांत शिव्या खाल्ल्या, आणि हा बाबा गप्प. पण त्याच्याशी भांडायची ती वेळ नव्हती. मी हॅंडल काढून काखेत धरलं.

"अण्णा, तुम्ही शब्द दिला होतात."

"येऊ दे उद्यापासून," ते भिंतीकडे बघत म्हणाले.

"मानाने म्हणाला होतात. ह्यांच्यासमोर."

माणसं हलली नाहीत. अण्णांच्या हातातला अंगारा घामाने भिजून गेला होता. "धोंडू," ते म्हणाले, "तुझी चूक नव्हती. ये कामावर."

मी हॅंडल धोंडूदादाला दिलं. इंजिन तिसऱ्या फेऱ्याला लागलं, थोडा वेळ खोकलं, मग धूर विरत गेला. धोंडूदादाने लगेच पाइपाला कापड बांधलं, आणि गाठ दोनदा मारली.

अण्णांनी मला पुन्हा कधी बोलावलं नाही. गावात सांगत राहिले की मूळ लायनरच कच्चा होता. सांगोत बापडे. धोंडूदादा हातपाय चालत होते तोवर त्या इंजिनावर होता. मी मात्र तेव्हापासून कुठल्याही गिरणीत गेलो की पाना पिशवीतच ठेवतो. आधी एक सकाळ कोपऱ्यात बसून मालक काय काय करतो ते बघतो.