काकीआजीचे गाल

बाळांनो, आपल्या स्वयंपाकघरात असा एकही डबा नाही, ज्यातला जिन्नस तुमच्या काकीआजीने, म्हणजे माझ्या धाकट्या जावेने, तोंडाला फासला नाही. मसूरडाळ, साय, बटाट्याची साल, जायफळ. एकदा तर सोलकढीसाठी काढलेला नारळाचा रस गालांवर गेला आणि आम्ही कोरडा भात जेवलो. कारण एकच, वांग. लेकीच्या वेळी दिवस गेले तेव्हा दोन्ही गालांवर तपकिरी डाग उमटले, ते बाळंतपणानंतरही हलले नाहीत. "पित्त आहे," सासूबाई म्हणत. "नजर लागली," शेजारीण म्हणे. मिरकरवाड्याहून मासे आणणारी बाई टोपली उतरवतानाच म्हणायची, "बाय माजे, आज वांग जरा उतरलाय गो!" त्या दिवशी काकीआजी भाव न करता पापलेट घ्यायची. घासण्यावर तिचा फार विश्वास. "वहिनी, तव्याचं काळं जातं, मग हे का नाही जाणार?"

त्याच लेकीचा साखरपुडा ठरला तेव्हा काजूचे दिवस होते. मागच्या पडवीत आम्ही दोघी ओल्या काजूबिया सोलत होतो. चिकाने बोटांची कातडी निघते आणि खालून कोवळी, उजळ कातडी येते, हे कोकणातल्या बाईला सांगावं लागत नाही. ती आपली बोटं उजेडात धरून बघत राहिली. सकाळपासून तिचं वांगपुराण ऐकून मी विटले होते. म्हणाले, "तोंडालाच लाव ना गो, एकदाची साल निघेल."

तिने लावला.

साखरपुड्याच्या दिवशी चेहरा भाजून सुजलेला. ओला पंचा तोंडावर धरून ती कोठीच्या खोलीत बसली आणि विहिणीची ओटी मी भरली. मुलीच्या आईने भरायची ओटी. आत जाऊन मी काही बोलणार, तोच तिने विचारलं, "नारळ शेंडीचा दिलात ना, वहिनी?" लोकांना सांगे, "चुकून हात लागला." माझं नाव तिने आजवर घेतलेलं नाही. मीही स्वतःचं घेतलं नाही. एवढी इंग्रजी पुस्तकं वाचलेली मी!

पुढे त्वचेच्या डॉक्टरांकडे मीच तिला नेलं. ते म्हणाले, हा मळ नव्हे, घासू नका. ऊन आणि चुलीची धग टाळा, क्रीम नेमाने लावा, धीर धरा. फिकं होईल, पण पुसलं जाईलच असं नाही. भाजल्याचा काळेपणा खोल गेलाय. तेव्हापासून ती कुरडया राखायलासुद्धा क्रीम फासून, छत्री उघडून बसते. "कावळे मला नाही, छत्रीला घाबरतात," म्हणते. डाग खरंच बरेच फिके झालेत. तिला ते पटत नाही.

व्हिडिओ कॉलवर तुम्ही विचारता, काकीआजी कुठे? मी सांगते, कामात आहे. खोटं आहे ते. ती माझ्या खुर्चीच्या बाजूला, फोनमध्ये दिसणार नाही अशी उभी असते आणि तुमचा शब्द न् शब्द ऐकते. पुढच्या वेळी तुम्हीच हाक मारा. माझ्या हाकेला ती पुढे येत नाही, आणि आग्रह करायला माझी जीभ रेटत नाही.