आईच्या उंचीची वेल

लग्नानंतर मी निघाले, तेव्हा कामथडीच्या फाट्यावर आई रडली नाही. डोळे पुसायला हात मोकळे कुठे होते? एका हातात माझी पिशवी, दुसऱ्यात ओल्या गोणपाटात गुंडाळलेली वेलगुलाबाची काडी. ती एसटीच्या खिडकीतून माझ्या मांडीवर ठेवत म्हणाली, "तुला मूल होस्तवर तुज्या घरचं पाणी बी प्यायचं न्हाई, रीतच हाय. पर ह्येला पयलं फूल आलं, की नातू झाला म्हनून म्या येते."

कंडक्टर हसला. "मावशी, काडीचं अर्धं तिकीट फाडू का?"

"फाड की! पर तिला शीट दे."

एकोणीसशे साठचं दशक सरत आलं होतं. यांची नोकरी अलिबागला. तिथे मिठालाही घाम फुटायचा. गावी आपण धूळ धुवायला पानांवर पाणी मारायचो, तसं मी रोज संध्याकाळी मारलं. पानं रात्रभर ओली राहिली, काळे डाग पडून गळाली. मग सकाळी फक्त बुंध्याशी घालू लागले. वेल तरारली आणि सरळ वरच्या मजल्यावर, घरमालकीणबाईंच्या गॅलरीत जाऊन फुलली! बाई माझी फुलं अंबाड्यात खोचून माझ्याच दारावरून मिरवायच्या.

मी आईला कळवलं. भावाच्या अक्षरात उत्तर आलं, "शेजारणीच्या घरी पाळना हालला, तर म्या कुनाला बघाया येऊ?"

पत्र वाचून मी खूप हसले. मग दार लावून बसले. चार वर्षं झाली होती. घरात मूल नव्हतं, अंगणात फूल नव्हतं, आणि पाणी प्यायला आई नव्हती.

एके दिवशी माहेरचा गोठा आठवला. दादा, म्हणजे माझे वडील, वेल कुंपणावर आडवी बांधायचे. लहानपणी मी विचारलं होतं, "तिला वर का जाऊ देत न्हाई?"

"तुजी आय बुटकी. फुलं काय शिडी लावून तोडंल?"

मी ती थट्टाच समजले होते. आता वेल खाली ओढली. एक फांदी मोडली. उरलेल्या फांद्या जुन्या लुगड्याच्या चिंध्यांनी कुंपणावर आडव्या बांधल्या. काही आठवड्यांत पेरापेरातून धुमारे फुटले, आणि प्रत्येकाच्या टोकाला कळी!

आई आली. फाटकापाशीच तिने एक फूल तोडून केसांत खोचलं. टाचा उचलाव्या लागल्या नाहीत. मग म्हणाली, "लेकी, पाणी दे. चार वर्सांची तहान हाय."

मूल पुढेही झालं नाही. आई मात्र दर वर्षी येत राहिली.

गावकऱ्यांनो, तुम्ही कामथडीला राहिलात, काहीजण माझ्यासारखे लांब गेले. मला कुणी गाव विचारलं, तर अजून कामथडीच सांगते. घर विचारलं, तर अलिबाग. आई जाऊन बरीच वर्षं झाली. मी तिच्यापेक्षा हातभर उंच आहे, वेल बांधायला मला वाकावं लागतं. वाकते.