आत्याने खुर्ची फिरवली

माझी आत्या रेकॉर्ड प्लेअर दुरुस्त करते. नऊ वर्षांपूर्वी तिच्या मालकाने "हिच्या कानातच बिघाड आहे" असं म्हणून चार गिऱ्हाइकांसमोर तिला कामावरून काढलं. ते वाक्य आत्याने मनात घासूनपुसून ठेवलं होतं.

परवा तोच मालक आपला प्लेअर घेऊन आमच्या दुकानात आला. डाव्या स्पीकरचा आवाज बारीक येतो म्हणाला. आत्याने त्याला दोन स्पीकरांच्या मधोमध बसवलं, सुई पुसली, रेकॉर्ड लावली. मग प्लेअरच्या दोन्ही वायरींची अदलाबदल केली.

"डावाच बारीक," मालक म्हणाला.

तिने स्पीकरही बदलून पाहिले.

"डावाच."

मला तर दोन्ही सारखेच ऐकू येत होते. आत्यालाही येत असणार, पण दुकानात गर्दी होईपर्यंत ती उगाच स्क्रू पिळत बसली. मग तिने मालकाची खुर्ची उलटी फिरवली.

"आता?"

"आता तो सुधारला. दुसरा बारीक झाला."

आत्याने रेकॉर्ड थांबवली. "मशीन ठणठणीत आहे, मालक. तुमच्या कानातच बिघाड आहे."

मग त्याच्या डाव्या बाजूला जाऊन तिने तेच वाक्य पुन्हा म्हटलं, चांगलं मोठ्याने.