सुमनमावशीच्या दारावरचा कागद

सुमनमावशी गेल्याची बातमी आधी पाण्यानं दिली. आमच्या शहरात नळाला पाणी रोज येत नाही. कधी आठवड्यानं येतं, कधी त्याहून उशिरा, आणि ज्या दिवशी यायचं त्या दिवशीही वेळेचा भरवसा नसतो. म्हणून मावशी आदल्या दिवशीच अंगणातला नळ उघडा ठेवून झोपायची. पाण्याआधी पाइपातली हवा फुसफुसत सुटते, तेवढ्या आवाजानं तिला जाग यायची. जन्मभर नर्सची नोकरी केलेल्या बाईची झोप ती... त्या सकाळी हवा सुटली, पाणी आलं, हौद भरला, ड्रम भरले आणि पाणी फाटकाखालून पुंडलिकनगरच्या त्या गल्लीत वाहायला लागलं. समोरच्या नसीम आपा ओरडल्या, "ओ सिस्टर, पानी जा रा ना तुमारा!" आणि ओरडता ओरडताच गप्प झाल्या. सिस्टरचं पाणी वाया जातंय म्हणजे काय झालं असेल, हे त्यांना तिथंच कळलं. मला फोन केला तो ग्रेसनं. ग्रेस केनियाची, इथल्या एका संस्थेत स्वयंसेवक म्हणून आलेली, मावशीकडं राहणारी. "दीपू, मावशी उठत नाही," एवढंच ती मराठीत म्हणाली आणि पुन्हा पुन्हा तेच म्हणत राहिली. माझा नंबर तिच्याकडं कसा, हा प्रश्न मला रिक्षात पडला. तो तिच्या खोलीच्या दारावरच्या कागदावर होता. वर मावशीचा नंबर आणि खाली 'काही झालं तर' असं लिहून माझा. मला न विचारता.

मावशी माझ्या आईची थोरली बहीण. काका जाऊन बरीच वर्षं झालेली, मुलगा रवीदादा नोकरीसाठी पुण्याला. ती निवृत्त झाली तेव्हा रस्त्याकडची खोली रिकामीच होती. चालता-बसता न येणाऱ्या मुलांसाठी काम करणाऱ्या त्या संस्थेत बाहेरच्या देशांतून तरुण मुलंमुली सहा-सहा महिन्यांसाठी येतात, त्यांना राहायला घरं लागतात. मावशीनं खोली दिली आणि त्या दिवसापासून जिवाला घोर लावून घेतला. "परक्याचं लेकरू हाय. जुलाब लागले, कुत्रं चावलं, तर तिच्या आईला मी काय सांगू? मला तर तिची भाषा बी येत नाय." त्या घोरातूनच दारावरचा कागद तयार झाला. वॉर्डातल्या इंग्रजीत, मोठ्या अक्षरांत: निळ्या झाकणाचं पाणी प्यायचं, लाल झाकणाचं वापरायचं. आंघोळीला दोन बादल्या, आणि शब्द कळले नाहीत तर म्हणून दोन बादल्यांचं चित्र. दिवेलागणीच्या आत घरी. उशीर झाला तर फोन. खाली नळाच्या दिवसांच्या तारखा, पेन्सिलीनं, कारण त्या बदलायच्या. कागद मळला-फाटला की हाताशी येईल त्या नव्या कागदावर ती सगळं पुन्हा उतरवायची. आलेल्या प्रत्येक पोरीला ती पहिल्याच दिवशी कागदासमोर उभी करायची आणि एकेका ओळीवर बोट ठेवून वाचायला लावायची.

ग्रेस आठवड्यातून एकदा पाचोडकडच्या खेड्यांतल्या मुलांना व्यायाम द्यायला जायची. एकदा तिथल्या बाजाराच्या दिवशी दिवेलागण होऊन गेली तरी ती परतली नाही. फोन बंद. मावशीनं मला बोलावून घेतलं. "दीपू, पोरगी आली नाय अजून." मी पोचले तेव्हा ती भाजी गरम करायला गॅस पेटवत होती, विझवत होती आणि पुन्हा फाटकाशी जाऊन उभी राहत होती. समोरून आपा विचारत होत्या, "आयी नई क्या अबतक?" शेवटी कांद्याची पोती घेऊन निघालेल्या एका टेम्पोतून ग्रेस उतरली, हातात मेथीची जुडी. एसटी वाटेत बंद पडली होती. मावशीनं तिला मराठीत असं झापलं की आपासुद्धा दारातून आत गेल्या. ग्रेस इंग्रजीत माफी मागत होती. दोघींना एकमेकींचा एक शब्द कळत नव्हता आणि दोघीही रडत होत्या. मग मावशी जुडी हातात घेऊन म्हणाली, "केवढ्याला घेतली गं? फसवलं तुला." आणि निवडायला बसली.

मला हे सगळं पटत नव्हतं, आणि ते मी लपवलंही नाही. माझे वडील छापखान्यात कामाला होते. चळवळीची पत्रकं घरी तपासायला यायची, त्यांच्या कच्च्या छापील कागदांवर मी अक्षरं गिरवली. अन्याय दिसला की पत्रक काढायचं, हे आमच्या घरात ताप आला की गोळी घ्यायची इतकं साधं होतं. मी संस्थेच्या फाटकावर पत्रक वाटलं, 'सेवा की सहल?' आमच्या वस्त्यांमधली शिकलेली मुलं कामाविना बसलेली असताना बाहेरच्या पोरांना सहा महिने बोलवायचं, ती मुलांबरोबर फोटो काढणार आणि जाणार... मुलांना लळा लागतो त्याचं काय? एक प्रत मी मावशीच्या हातात दिली आणि बोलू नये ते बोलले. "तू त्यांच्या आंघोळीचं पाणी तापवतेस. आपल्या बायकांनी पिढ्यानपिढ्या दुसऱ्यांसाठी तेच केलं, मावशी. तू त्यासाठी शिकलीस का?"

मावशीनं चष्मा लावून पत्रक पालथं केलं. "एकाच बाजूनं छापलंय व्हय? कागद चांगला हाय." मग म्हणाली, "झालं वाटून, पत्रकवाली? बस. पोहे खा."

ती चिडली असती तर बरं झालं असतं. त्यानंतर कितीतरी दिवसांनी, ज्वारी निवडता निवडता, तिनं सहज सांगावं तसं सांगितलं. तिची पहिली नेमणूक सिल्लोडकडच्या एका गावात होती. घरमालकानं खोली दाखवली, पाणी विचारलं, मग आडनाव विचारलं. आडनाव ऐकल्यावर म्हणाला, "खोली द्यायची नव्हतीच बाई, आमचा भाचा येणार आहे राहायला." गावात अशा तीन खोल्या झाल्या, तीन भाचे झाले. मग ती दवाखान्यातल्या बाळंतपणाच्या खाटेवर झोपायला लागली. कळा आलेली बाई आली की उठायचं, खाट पुसून तिला द्यायची आणि आपली वळकटी घेऊन व्हरांड्यात बसायचं. "बाई मोकळी झाली, सकाळी घरी गेली, की खाट पुन्हा माझी," मावशी हसून म्हणाली. मी हसले नाही. पण पत्रकाबद्दल तिची माफीही मागितली नाही.

मावशी गेल्यानंतरचा पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम झाला, पाहुणे गेले, आणि रवीदादानं मला बाजूला घेतलं. "घर बंद करतो, दीपू. परक्या देशाची पोरगी, एकटी. उद्या काही झालं तर मी पुण्याहून काय करू?" त्याची काळजी खोटी नव्हती. पण ग्रेसचे चार महिने बाकी होते. पाचोडकडची एक लहान मुलगी नुकतीच आधाराशिवाय बसायला लागली होती. व्यायाम तुटला तर ती पुन्हा आडवी होईल, हे ग्रेस मला हातांनी करून दाखवत होती. संस्थेच्या माणसाबरोबर मी खोल्या बघायला निघाले. पहिल्या घरी ती काय खाते हा प्रश्न निघाला आणि बोलणं तिथंच संपलं. दुसऱ्या घरी फोनवर सगळं ठरलं होतं. मालकीण बाई चावी घेऊन बाहेर आल्या, रिक्षाशेजारी उभ्या असलेल्या ग्रेसकडं बघितलं आणि चावी पदरात गेली. "अहो, आमचे पाहुणे येणारेत राहायला, मी विसरलेच." इतक्या वर्षांत भाच्याचे पाहुणे झाले, फरक तेवढाच. मला ओरडायचं होतं. पत्रक काढायचं होतं. ग्रेसनं माझा दंड धरला आणि हळूच विचारलं, "मी घरी जाऊ?" तिच्या घरी, केनियाला.

मी रवीदादाला फोन करून सांगितलं की घर बंद करू नको, तिथं मी राहते. तो म्हणाला, "तू? तू तर यांच्या विरोधात पत्रक काढलं होतंस." मी म्हटलं, "त्यातला एक शब्दही मागं घेत नाही. चावी आपांकडं ठेवून जा." आणि संस्थेच्या कागदावर, घरातली जबाबदार व्यक्ती या रकान्यात, जिथं मावशीची सही असायची, मी माझी सही केली. मला भाकरी धड येत नाही. तिला ताप आला तर काय द्यायचं हे मला माहीत नाही.

सामान आणल्यावर पहिलं काम दारावरच्या कागदाचं होतं. वरचा नंबर बदलायला हवा होता. घाबरली की ग्रेस आधी तोच लावणार. नवा कागद लिहावा म्हणून मी चिकटपट्टी नखानं सोडवली, कागद उलटा झाला आणि मागं माझीच अक्षरं... सेवा की सहल? वॉर्डातल्या लाल पेन्सिलीनं एका ओळीखाली रेघ मारली होती: 'या पाहुण्यांना आपल्या घरात जागा देणाऱ्यांनीही स्वतःला एकदा विचारावं, की आपण हे का करतो.' शेजारी समासात, रुग्णाच्या कागदावर औषध दिल्याची नोंद करावी तसं, एकच शब्द होता आणि खाली तिची छोटी सही.

'विचारलं.'

कागद मी होता तसाच पुन्हा लावला. वरचा नंबरही खोडला नाही. मावशीचा फोन मी चार्ज करून जवळ ठेवते, तो लागला की कुणीतरी उचलायला हवं.

परवा तो वाजला. पडद्यावर मावशीनं भरून ठेवलेलं नाव आलं, 'ग्रेस पोरगी'. मी उचलला, "बोल गं, कुठं आहेस?" पलीकडं एसटीची घरघर आणि बायकांचा गलका. "उशीर. बाजार," ती म्हणाली आणि आवाज तुटला. मी पुन्हा लावला, लागला नाही. गॅसवर भाजी होती. बंद केला. पुन्हा पेटवला. पुन्हा बंद केला आणि फाटकाशी जाऊन उभी राहिले.

"आयी नई क्या अबतक?" समोरून आपांनी विचारलं.

"नाय आपा," मी म्हटलं, "येतेच हाय."